चिलिका : मुद्दल जपणारी सहल

ओडिशातील चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खाजण सरोवर. १९८१ मध्ये त्यास रामसर दर्जा लाभला. परंतु समुद्राकडील मुख गाळाने भरत गेले, पाण्याची क्षारता घटली, मासळी रोडावली आणि १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळांच्या यादीत त्याची नोंद झाली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर मासळी परतली. २००२ मध्ये नाव यादीतून वगळले गेले.

हे महत्प्रयासाने सोडविलेले मुद्दल होय. म्हणूनच सातपड्यास इरावती डॉल्फिन पाहताना नावाड्यास जवळ जाण्याचा आग्रह करू नये. श्वासासाठी वर येणारा डॉल्फिन इंजिनाच्या पात्याने जखमी होऊ शकतो. परवानगी असलेल्या जागीच तंबू ठोकावा, रात्री गोंगाट टाळावा, कचरा परत आणावा. आपण केवळ व्याज उपभोगावे; मुद्दल पुढील पिढीचे आहे.