नोकरी सांभाळून दहावी : बेंगळुरूतील श्रमिक आणि मुक्त शिक्षणाचे अर्थशास्त्र

बेंगळुरूची ओळख आज माहिती तंत्रज्ञानाचे शहर अशी आहे. तथापि या शहराची अर्थव्यवस्था केवळ संगणक अभियंत्यांच्या बळावर उभी नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्या स्त्रिया, रिक्षा व टॅक्सीचालक, सुरक्षारक्षक, बांधकाम मजूर, घरकामगार आणि घरोघरी माल पोहोचविणारे तरुण यांच्या श्रमावरही ती तितकीच अवलंबून आहे. यांपैकी अनेकांचे शिक्षण आठवी-नववीपर्यंत येऊन थांबलेले असते. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळुरू नागरी जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ८७.६७ टक्के होते. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणतीही एक भाषा समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर ठरते. म्हणजेच साक्षरतेचा आकडा शालान्त प्रमाणपत्राविषयी काहीच सांगत नाही. साक्षर असूनही दहावी न झालेला प्रौढ श्रमिक हा शैक्षणिक नियोजनातील एक दुर्लक्षित घटक आहे.

चौदाव्या वर्षाचा सांधा

हा प्रश्न समजून घेण्यासाठी घटनात्मक तरतुदी पाहणे आवश्यक आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. या हक्काची अंमलबजावणी करणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुसरीकडे बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास काही मर्यादित अपवाद वगळता बंदी घालण्यात आली. १४ ते १८ वयोगटासाठी मात्र ही बंदी धोकादायक व्यवसायांपुरतीच आहे.

हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या वयात शिक्षणाचा मूलभूत हक्क संपतो, त्याच वयात कामाची वाट कायदेशीररीत्या उघडते. आठवी आणि दहावी यांमधील दोन वर्षे गरीब कुटुंबातील मुलांसाठी म्हणूनच निर्णायक ठरतात. एकदा शाळा सुटली की त्या व्यक्तीच्या शिक्षणाचा आधार अनुच्छेद ४१ मध्ये शोधावा लागतो. हा अनुच्छेद राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत काम, शिक्षण व सार्वजनिक साहाय्य यांचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी असे सांगतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग असल्याने न्यायालयामार्फत त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही.

प्रमाणपत्राचे आर्थिक मूल्य

दहावीच्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत का असते, याची दोन उत्तरे अर्थशास्त्रात दिली जातात. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मानवी भांडवलाची मांडणी केली. शिक्षणामुळे व्यक्तीची उत्पादकता वाढते आणि वाढीव उत्पादकतेमुळे वेतन वाढते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू दाखविली. उमेदवाराची खरी क्षमता मालकाला दिसत नाही. प्रमाणपत्र ही त्या क्षमतेची खूण म्हणून काम करते. पहिल्या विचारात ज्ञान महत्त्वाचे, तर दुसऱ्यात त्या ज्ञानाचा पुरावा.

बेंगळुरू परिसरातील एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता कला आणि अनंत न्यषाधम या अर्थतज्ज्ञांनी तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्री कामगारांना दिल्या जाणाऱ्या संवादकौशल्य, वेळेचे नियोजन यांसारख्या प्रशिक्षणाचा परिणाम तपासला. प्रशिक्षित स्त्रियांची उत्पादकता लक्षणीय वाढली आणि मालकाला खर्चाच्या तुलनेत भरघोस लाभ झाला. त्या स्त्रियांच्या वेतनात मात्र नगण्यच वाढ झाली. कौशल्य वाढले, पण त्याचा लाभ श्रमिकाच्या पदरात पडला नाही.

याचे एक स्पष्टीकरण स्पेन्स यांच्या विचारात सापडते. कारखान्यात मिळविलेले कौशल्य बाहेरच्या मालकाला दिसत नाही. दुसरीकडून जास्त वेतनाचा प्रस्ताव येण्याची शक्यता नसल्याने सध्याच्या मालकावरही वेतन वाढविण्याचे दडपण राहत नाही. सार्वजनिक परीक्षेचे प्रमाणपत्र मात्र श्रमिकाच्या मालकीचे असते. तो नोकरी बदलो वा गाव बदलो, ते त्याच्यासोबत जाते.

या प्रमाणपत्राशी अनेक दारे जोडलेली आहेत. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या स्तरावरील बहुतेक पदांसाठीही दहावी वा आयटीआय ही किमान पात्रता ठरली. परदेशी रोजगारासाठी जाताना दहावी उत्तीर्ण व्यक्तीला उत्प्रवास तपासणीतून सूट मिळते. याच्या उलट दिशेनेही पावले पडली आहेत. व्यावसायिक वाहनचालकांसाठीची आठवी उत्तीर्णतेची अट काढून टाकण्याचा निर्णय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०१९ मध्ये घेतला. कामाला खरोखर आवश्यक नसलेली शैक्षणिक अट शिथिल करणे हाही श्रमिकाला न्याय देण्याचा एक मार्ग आहे, हे यावरून लक्षात यावे.

परीक्षेकडे नेणारे मार्ग

बेंगळुरूतील प्रौढ श्रमिकापुढे दहावी पूर्ण करण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला राज्य मंडळाचा. कर्नाटकातील एसएसएलसी परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येते. ही परीक्षा घेणारे मंडळ २०२२ मध्ये पदवीपूर्व परीक्षा यंत्रणेशी जोडले गेले आणि कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यमापन मंडळ अस्तित्वात आले. वर्षातून एकाहून अधिक परीक्षा होत असल्याने अनुत्तीर्ण विषयासाठी संपूर्ण वर्ष थांबण्याची गरज नसते. महाराष्ट्रातील वाचकांना १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बसण्याची पद्धत परिचित आहेच. हा मार्ग त्याच स्वरूपाचा आहे.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून या कार्याची सुरुवात झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. बेंगळुरू येथेही संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. माध्यमिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. कमाल वयाची अट नाही. किमान पाच विषय घ्यावे लागतात. प्रवेश पाच वर्षे वैध राहतो आणि या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा होत जातात. अन्य मान्यताप्राप्त मंडळाकडे पूर्वी उत्तीर्ण केलेल्या दोन विषयांपर्यंतचे श्रेयांक हस्तांतरित करता येतात. दहावीपर्यंत पोहोचण्याची तयारी नसलेल्यांसाठी मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमाची सोय असल्याने बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी भाषक श्रमिकालाही हा मार्ग उपयोगी पडू शकतो.

वेळेचा हिशेब

प्रौढ विद्यार्थ्यापुढील मुख्य अडचण शुल्काची आहे, असा सर्वसाधारण समज असतो. एका काल्पनिक उदाहरणाने तो तपासून पाहू. एका विषयासाठी २०० तासांचा अभ्यास लागतो असे गृहीत धरल्यास पाच विषयांसाठी १,००० तास लागतील. आठवड्याला ४८ तास काम करणाऱ्या स्त्रीने कामाच्या सहा दिवसांत रोज एक तास आणि रविवारी तीन तास काढले, तर आठवड्याला ९ तास होतात. या गतीने अभ्यास पूर्ण होण्यास सुमारे १११ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. पाच वर्षांची मुदत का महत्त्वाची आहे, हे यातून स्पष्ट होते.

आता संधी खर्च पाहू. हेच तास जादा कामासाठी वापरून ताशी १०० रुपये मिळाले असते, असे मानले तर १,००० तासांचा संधी खर्च १ लाख रुपये होतो. परीक्षेचे शुल्क या रकमेच्या तुलनेत किरकोळ आहे. प्रमाणपत्रामुळे वेतन दरमहा १,५०० रुपयांनी, म्हणजे वर्षाला १८,००० रुपयांनी वाढले, तर वटाव न धरता हा खर्च सुमारे साडेपाच वर्षांत भरून निघेल. १० टक्के वटाव दराने पुढील १५ वर्षांच्या वाढीव वेतनाचे वर्तमान मूल्य सुमारे १ लाख ३७ हजार रुपये येते. केवळ पाच वर्षे नोकरी शिल्लक असल्यास ते सुमारे ६८ हजारच भरते. पहिल्या स्थितीत शिक्षणातील गुंतवणूक लाभदायक ठरते, दुसऱ्या स्थितीत निव्वळ पैशांच्या हिशेबाने ती तोट्याची ठरते.

या हिशेबातून तीन निष्कर्ष निघतात. एक, संधी जितकी लवकर मिळेल तितका लाभ अधिक. दोन, वेतनवाढ झालीच नाही तर श्रमिकाने अभ्यास सोडणे हे आळसाचे नव्हे, तर व्यवहारी निर्णयाचे लक्षण असू शकते. तीन, शुल्कमाफीपेक्षा वेळेची उपलब्धता अधिक परिणामकारक ठरेल. स्त्रियांच्या बाबतीत कामावरून परतल्यावर स्वयंपाक, पाणी भरणे व मुलांची देखभाल यांत जाणारे तास या हिशेबात दिसतच नाहीत. मात्र आईने दहावी पूर्ण केल्याने मुलांच्या अभ्यासाला मिळणारा आधार, बँकेतील व कार्यालयातील व्यवहारांत येणारा आत्मविश्वास, हे लाभही वेतनाच्या आकड्यात मोजले जात नाहीत.

धोरणाची वाटचाल

श्रमिकांच्या शिक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईतील वरळी येथे स्थापन झाले. या संस्थांनाच २००० पासून जन शिक्षण संस्थान म्हटले जाते. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान, २००९ मध्ये साक्षर भारत आणि २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, असे पुढील टप्पे आहेत. या कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांच्या पायाभूत साक्षरतेबरोबर मूलभूत शिक्षण व निरंतर शिक्षण यांचाही समावेश आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील २१ वे प्रकरण प्रौढ शिक्षणाला वाहिलेले आहे. या वाटचालीत साक्षरतेवर भर राहिला; साक्षरतेपासून दहावीपर्यंतचा टप्पा मात्र बव्हंशी व्यक्तीच्या जिद्दीवर सोडला गेला.

पुढील दिशा

उत्पादकता वाढल्याचा लाभ मालकाला मिळतो, हे वरील अभ्यासातून दिसले आहे. त्यामुळे अभ्यासाच्या वेळेचा काही भार उद्योगांनी उचलणे आर्थिकदृष्ट्याही समर्थनीय आहे. परीक्षेच्या दिवसांत भरपगारी रजा, कारखान्याच्या आवारात आठवड्यातून दोनदा संपर्क वर्ग आणि उत्तीर्ण झाल्यावर निश्चित वेतनवाढ, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. कर्नाटक सरकारने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘शक्ती’ योजनेमुळे स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. अभ्यास केंद्रापर्यंत जाण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. शाळा सोडल्याचा दाखला गावी राहून गेलेला असणे, विवाहानंतर नाव बदललेले असणे, अशा कागदपत्रांच्या अडचणींसाठी अभ्यास केंद्रावरच साहाय्य कक्ष असल्यास अनेकांचा प्रवेश सुकर होईल.

कामगाराच्या हाती असलेले कौशल्य समाज रोज वापरतो. त्या कौशल्याला मान्यतेची मोहोर मिळविण्यासाठी लागणारा वेळ त्याला उपलब्ध करून देणे, ही लोकसंख्याशास्त्रीय लाभांशाची भाषा करणाऱ्या अर्थव्यवस्थेची जबाबदारी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुच्छेद २१-क आणि अनुच्छेद ४१ यांच्या स्वरूपातील फरक प्रौढ शिक्षणाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. मानवी भांडवल सिद्धांत व संकेत सिद्धांत यांची तुलना करून दहावीच्या प्रमाणपत्राचे आर्थिक मूल्य विशद करा.
३. ‘प्रौढ शिक्षणातील खरा खर्च शुल्काचा नसून वेळेचा आहे.’ या विधानाची संधी खर्चाच्या आधारे चर्चा करा.