आधी विचारा, मग सांगा
(घरच्यांशी हवामान बदलाविषयी बोलताना)

कॅडेट मित्रांनो,

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी जबलपूरला घरी गेलो आणि तिसऱ्याच दिवशी बाबांशी भांडलो. भांडणाचा विषय होता हवामान बदल. त्यातून जे शिकलो ते या वेळी आपल्या मराठी पानासाठी लिहीत आहे. दिवाळीची सुट्टी जवळ आली आहे आणि विज्ञान प्रदर्शनासाठी पाठ केलेले सगळे आपण घरी जाऊन ऐकवणार आहोत. माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

काय घडले?

आमचे घर जुने आहे. मागे साधारण चाळीस चौरस मीटरचे मातीचे अंगण आहे, त्यात तुळस आणि पेरूचे झाड. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पावसाळ्याच्या आत अंगणात काँक्रीट घालून घेऊ. पेरू काढावा लागेल. गाडी ठेवायला जागा नको का?"

मी घास तसाच ठेवून सुरू झालो. कार्बन डायऑक्साइड, हिमनद्या, समुद्राची पातळी, पॅरिस करार, सगळे एका दमात सांगितले. शेवटी म्हणालो, "तुमच्या पिढीने पृथ्वीची वाट लावली, आता अंगणाचीही लावा."

बाबा ओरडले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," एवढेच बोलले आणि अर्ध्या ताटावरून उठले. बारा वर्षे ते स्कूटरवरून कारखान्यात जातात. जबलपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की दुपारी त्रेचाळीस अंशांत स्कूटर चालवणे म्हणजे काय. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरते बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होतो. आजी ओट्यावर बसली होती. तिने विचारले, "गाडी कशाला घेतोय तो, विचारलंस का त्याला?"

मी विचारले नव्हते.

"गेल्या मे महिन्यात मला उन्हाची भोवळ आली. भर दुपारी एक रिक्षा मिळेना. त्याने माझ्याच पदराने मला स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशी ठरवलं त्याने, गाडी घ्यायची म्हणून."

मी तेव्हा हॉस्टेलमध्ये होतो. परीक्षा असल्यामुळे मला कोणी कळवले नव्हते. ज्या उकाड्यावर मी भाषण दिले, तो उकाडा माझ्या घराने माझ्या आधीच सोसला होता.

आजीची तळी

मग आजी तळ्यांविषयी बोलू लागली. जबलपूरला पूर्वी बावन्न तळ्यांचे गाव म्हणत. गोंड राजांच्या काळात इथे पुष्कळ तळी बांधली गेली. राणीतालचे नाव राणी दुर्गावतीवरून, आधारतालचे तिचे दिवाण आधारसिंह यांच्यावरून आणि चेरीतालचे तिच्या दासीवरून पडले, असे गावात सांगतात. मुघल फौजेशी लढताना १५६४ मध्ये वीरमरण पत्करणारी राणी म्हणून आपण दुर्गावतीचा धडा वाचतो. पण जबलपूरच्या लोकांच्या तोंडी तिचे नाव रोज येते ते तळ्यामुळे. हनुमानताल अजून आहे. चेरीताल मात्र आज वस्तीचे नाव आहे. राणीतालला लोक आता खेळाच्या मैदानावर जातात.

आजी लग्न होऊन नागपूरहून इथे आली. ती म्हणाली, "तेव्हा रात्री अंगणात झोपलं की पहाटे पांघरूण लागायचं. तळी आम्ही बुजवली नाहीत रे, पण बुजताना पाहिली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिचे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. गस्तीला निघण्याआधी रेकी करा, असे आपले उस्ताद दर वेळी सांगतात. मी घरात रेकी न करताच हल्ला केला होता. त्या सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत मी जे शिकलो, त्याचे पाच धडे पुढे दिले आहेत.

धडा १ : आपली माहिती आधी पक्की करा

हवा आणि हवामान यांत गल्लत करू नका. आज काय आहे ती हवा, तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. एका मे महिन्याच्या उकाड्यावरून हवामान बदल सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो जगभरच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. हा वायू जमिनीची उष्णता अडवून धरतो, म्हणून पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढले आहे. तापमान एक अंशाने वाढले, की हवेत सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून पाऊस कोसळला की एकदम कोसळतो.

आता आजीच्या आठवणीकडे पाहा. पहाटेचा गारवा गेला, त्याला केवळ जगाचे तापमान कारणीभूत नाही. तळी आणि झाडे जाऊन सिमेंट आले, की ते दिवसभर ऊन साठवते आणि रात्रभर सोडत राहते. ही दोन वेगळी कारणे आहेत, पण दोन्हींचा ताप एकाच माणसाला होतो. आपण सगळ्याचे खापर एकाच कारणावर फोडले, तर वडीलधारी माणसे चूक लगेच पकडतात आणि मग आपले खरे बोलणेही ऐकत नाहीत.

धडा २ : आधी विचारा

मी बाबांची माफी मागितली आणि विचारले, "तुम्ही लहान असताना उन्हाळा कसा असायचा?" ते अर्धा तास बोलले. ग्वारीघाटावर नर्मदेत पोहायला जाण्याविषयी, वाळ्याच्या ताट्यांविषयी, माठाविषयी. आजोबा घराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी धरत, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आपण ज्याला शाश्वत जीवनशैली म्हणतो, तिचा निम्मा भाग आपल्या घरात आधीच होऊन गेलेला असतो. तो आठवायला लावला, की समोरचा माणूस आपल्या बाजूने उभा राहतो.

धडा ३ : उलट प्रश्न आला तर चिडू नका

बाबांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "धूर सोडला अमेरिकेने आणि युरोपने. तुझी नजर माझ्याच गाडीवर का?" यात तथ्य आहे. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. पण ऊन तर आजीलाच लागलं ना?" ते गप्प झाले, पण या वेळी रागाने नाही.

दुसरा प्रश्न अवघड होता. मी सांगितले होते, की एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बाबा म्हणाले, "एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल?" मला उत्तर आले नाही. मी "बघून सांगतो" म्हणालो आणि रसायनशास्त्राचे पुस्तक काढले. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात, म्हणून वजन वाढते. संध्याकाळी हे समजावून सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "हे पटलं." माहीत नसेल तेव्हा तसे कबूल करण्यात कमीपणा नाही. उलट पुढचे बोलणे त्यामुळेच ऐकले जाते.

धडा ४ : आकडा घरचा सांगा

ध्रुवावरच्या बर्फाचे आकडे आईला सांगून उपयोग झाला नाही. विजेच्या बिलाचा झाला. आमच्या घरात चार जुने पंखे आहेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. फरक ४५ वॅटचा.

४ पंखे × १५ तास × ४५ वॅट = २७०० वॅट-तास, म्हणजे दिवसाला २.७ युनिट.
महिन्याला ८१ युनिट.
युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला ५६७ रुपये.

आपल्या देशात अजून बरीच वीज कोळशापासून होते. त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे महिन्याला ५६ किलोच्या वर वाचला. आईने ५६७ चा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला. किलोचा आकडा मी त्याखाली लिहिला.

अंगणाचाही हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. जबलपूरला वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे चाळीस चौरस मीटरच्या अंगणावर ५२ हजार लिटर. काँक्रीट केले तर हे सगळे गटारात जाणार. हा आकडा ऐकल्यावर बाबा स्वतः टेप घेऊन अंगण मोजायला उठले.

धडा ५ : आधी आपला तंबू आवरा

मोजता मोजता बाबांनी सहज विचारले, "तुमच्या हाऊसमधले पंखे परेडला जाताना कोण बंद करतं?" मी खाली मान घातली. मित्रांनो, आपल्यालाही माहीत आहे, की बिगुल वाजला की आपण धावतो आणि मागे पंखे, दिवे चालूच राहतात. दात घासताना नळ वाहत असतो. मेसमध्ये ताटात अन्न राहते. कॅम्पला गेल्यावर एका बाटलीत अर्धा दिवस काढायची शिस्त आपल्याला आहे, पण नळाजवळ आलो की ती शिस्त आपण विसरतो. घरी उपदेश करण्याआधी हे सुधारले पाहिजे. या सत्रात आमच्या डॉर्मिटरीत रोज एकाची पंखे-ड्युटी लावली आहे. विसरला तर दुसऱ्या दिवशीही त्याचीच. पहिल्या आठवड्यात दोनदा मीच विसरलो.

शेवटी काय ठरले?

गाडी आली. ती यायलाच हवी होती आणि आजीला तिच्यात बसवून ग्वारीघाटाला नेताना मला तिचा राग आला नाही. कारखान्यात जाताना मात्र बाबा शेजारच्या काकांना बरोबर घेतात, म्हणजे दोन वाहनांचे काम एकात होते. अंगणात चाकांपुरते दोन पट्टे काँक्रीटचे घातले, बाकी माती तशीच ठेवली. पेरू वाचला, त्याच्या दोन फांद्या गेल्या. पन्हाळीखाली आजोबांचे पिंप पुन्हा उभे राहिले. पहिला बीएलडीसी पंखा आजीच्या खोलीत लागला. बाकीचे तीन एकेक करून बदलायचे आहेत.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडिया येथे आपल्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या उपस्थितीत मिशन लाइफ सुरू केले. रोजच्या जगण्यातल्या लहान सवयी बदलाव्यात, असा त्याचा अर्थ आहे. केवडिया नर्मदेकाठी आहे आणि आमचे जबलपूरही. नर्मदा आमच्या घाटावरून वाहत तिकडे जाते. सरकारने ठरवलेली मोठी गोष्ट आणि आमच्या अंगणातले दोन पट्टे यांचे नाते मला त्या नदीमुळे समजले. दोन पट्ट्यांनी पृथ्वीचे तापमान कमी होणार नाही, हे मलाही कळते. पण आता आमच्या घरात या विषयावर कोणी ताटावरून उठत नाही. रविवारी फोन आला, की बाबाच आधी सांगतात, पिंप किती भरले ते.

सुट्टीतला अभ्यास

१. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा : तुमच्या लहानपणी गावात पाणी कुठे साठत असे? ती जागा आज जाऊन पाहा.
२. घरच्या मागच्या बारा महिन्यांची वीजबिले मांडून सर्वांत जास्त युनिट कोणत्या महिन्यात लागले ते शोधा. कारण घरच्यांनाच विचारा.
३. आपले छत किंवा अंगण मोजा, गावच्या पावसाच्या मिलिमीटरने गुणा आणि किती लिटर पाणी पडते ते काढा.
४. घरच्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवा. ती त्यांनी सुचवलेली असावी, तुम्ही नव्हे.
५. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आले नाही, तो वहीत लिहून आणा. प्रेपच्या वेळी आपण सगळे मिळून शोधू.

जय हिंद!