'लो फॅट' खरं असतं, तरीही

'लो फॅट' छापणारा सहसा खोटं बोलत नसतो, आणि मला चीड त्याचीच येते. आपल्याकडच्या नियमानुसार १०० ग्रॅम घन पदार्थात फॅट ३ ग्रॅमपेक्षा जास्त नसलं की तसं छापता येतं. साखर किती, मैदा किती, हे तो शिक्का बघत नाही. फॅट काढलं की पदार्थ मिळमिळीत होतो. मग चव आणि दाटपणा आणायला बऱ्याचदा साखर नि स्टार्च घालतात. फळांच्या स्वादाच्या दह्याचा डबा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात; साखर पहिल्या तीनांत दिसली तर डबा परत ठेवा. डाएट चिवड्याचंही तेच. तळण्याऐवजी भाजल्याने तेल वाचलं, कबूल. पण १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांतच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. डाएटचाच म्हणून दुसरी वाटी घेतली जाते, आणि काटा हलला नाही की 'तुमच्यातच चिकाटी नाही' हे ऐकायचं खाणाऱ्यानेच!

फॅटच्या ग्रॅममागे ९ कॅलरी आणि पिष्टाच्या ४, मग फॅट कमी केलेलं बरंच की, असं यावर म्हणतात. बरंच, पण त्याच्या जागी दुसरं काही भरलं नाही तर. डबल टोन्ड दुधाला म्हणूनच माझी हरकत नाही: फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, यात दीड, आणि बदल्यात साखर येत नाही. पण फॅट हाच एकमेव शत्रू, हे काही टिकत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०९ जण होते. वर्षभरात कमी फॅट खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी पिष्ट खाणाऱ्यांचं ६ किलो. दखल घ्यावी असा फरक नाही. दोन्ही गटांना सांगितलेलं मात्र एकच होतं: भाज्या भरपूर, वरून घातलेली साखर आणि मैदा टाळा, शक्यतो घरी रांधा. यातलं पाकिटात घालून विकता येईल असं फारसं काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

तेव्हा आकडा १०० ग्रॅममागचा बघा, 'एका सर्व्हिंग'चा नको. ते सर्व्हिंग कंपनीच ठरवते. त्याच कंपनीचा साधा पदार्थ शेजारी धरून कॅलरी ताडा. फोडणीचं तेल पळीने अंदाजे नको, चमच्याने मोजा. मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी जातात. चालणं, झोप वगैरे सगळेच सांगतात, तेही करा. आणि आहाराचा तक्ता देणारा त्याच टेबलावर शेकचे डबे विकत असेल, तर तक्ताही तिथेच ठेवून या.