अजून एक बकेट!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

२०१९ साली 'जेसीबी की खुदाई'च्या मीम्सनी सगळ्या देशाला हसवलं होतं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या विनोदात एक गोष्ट मात्र अगदी खरी होती. पिवळं मशीन काम करायला लागलं की आपली माणसं हातातलं काम सोडून बघत उभी राहतात. मीही त्यातलाच! फक्त मला खुदाईपेक्षा भराई बघायला जास्त आवडतं. या लेखाचा विषय तोच आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द डोकावले तर सांभाळून घ्या.

आपल्या छत्रपती संभाजीनगरमधून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता घ्या, बीड बायपास म्हणा किंवा पैठण रोड. वाळू, खडी, मुरूम, लाल माती, शेणखत, पेव्हर ब्लॉक विकणारे डेपो दिसतीलच. कुणाला बंगल्यापुढे बाग करायची असते, कुणाला अंगणात मुरूम टाकायचा असतो. गिऱ्हाईक स्वतःची किंवा भाड्याची पिकअप घेऊन येतं, जेसीबी बकेट भरून हौद्यात ओततो आणि पाच मिनिटांत गाडी रस्त्याला. मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझा रूम पार्टनर (तो सिव्हिलचा) अशा एका डेपोवर चार रविवार बसलो होतो. तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मामा, टाका की अजून एक बकेट!"

या एका बकेटमध्ये आपल्या सिलॅबसचे निदान चार चॅप्टर आहेत. क्रमाने बघू.

ब्रास, बकेट आणि टन

'ब्रास' शब्दाचा अर्थ डिक्शनरीत पितळ. डेपोवर मात्र एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. वाळू, खडी, मुरूम सगळं ब्रासवर विकलं जातं. म्हणजे धंदा चालतो आकारमानावर. पण गाडीचे टायर, ॲक्सल आणि ब्रेक यांना आकारमान कळत नाही, त्यांना फक्त वजन कळतं. सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे.

कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण १५५० किलो धरतात. म्हणजे एक ब्रास वाळू झाली जवळपास ४.४ टन, आणि हाफ ब्रास २.२ टन. आता बकेटकडे या. आपल्याकडे सगळीकडे दिसणाऱ्या ३डीएक्स मॉडेलच्या पुढच्या लोडर बकेटमध्ये साधारण १.१ घनमीटर माल बसतो. १.१ गुणिले १५५० म्हणजे १७०० किलो. एका बकेटमध्ये १.७ टन!

आता गाड्या. टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', २००५ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची क्षमता होती ७५० किलो. एक भरलेली बकेट म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. पिकअपची क्षमता मॉडेलनुसार साधारण सव्वा ते दोन टन. म्हणजे लहान पिकअपला पहिली बकेटच जास्त झाली, आणि गिऱ्हाईक मागतंय 'अजून एक'. त्यात ड्रायव्हर आणि हमाल यांचं वजनही त्याच हिशोबात धरायचं असतं, ते कुणीच धरत नाही.

हे आकडे शोधायला कुठे जायची गरज नाही. प्रत्येक गाडीच्या आरसी बुकवर रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण मान्य वजन, दोन्ही छापलेली असतात. वजाबाकी केली की उत्तर मिळतं.

ओल्या वाळूची गंमत

हा भाग माझ्या रूम पार्टनरचा. त्याच्या लॅबमध्ये 'बल्किंग ऑफ सँड' नावाचं प्रॅक्टिकल असतं. कोरड्या वाळूत पाच-सहा टक्के पाणी मिसळलं की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळू फुगते. ही वाढ २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. म्हणजे दमट वाळूची बकेट दिसते भरलेली, पण आत वाळू कमी असते. गिऱ्हाईक फसतं, गाडी मात्र सुखात असते.

पावसाळ्यात उलटं. ढीग पूर्ण भिजला की फुगवटा निघून जातो, कणांमधल्या पोकळीत पाणी भरतं आणि घनमीटरचं वजन १७५० ते २००० किलोपर्यंत जातं. तीच बकेट, तोच ढीग, पण आता दोन टन. म्हणून 'उन्हाळ्यात याच गाडीत एवढंच नेलं होतं' हा युक्तिवाद जुलैमध्ये चालत नाही. सुक्या शेणखताची गोष्ट अजून वेगळी. ते इतकं हलकं असतं की हौदा आधी भरतो. नुसतं डोळ्यांनी बघून वजन सांगता येत नाही, असा याचा अर्थ.

माल किती, यापेक्षा माल कुठे?

हे गणित मात्र माझं. समजा एका पिकअपच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे. रिकामी असताना पुढच्या चाकांवर ९५० किलो आणि मागच्या चाकांवर ७५० किलो आहे (आकडे उदाहरणासाठी घेतलेत). तिच्यात १५०० किलो वाळू टाकली. मागच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या, फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा.

वाळू नीट पसरली आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ०.३ मीटर पुढे आला, तर पुढच्या चाकांवर १५० किलोची भर पडते. पुढे ११००, मागे २१००. छान.

आता तीच १५०० किलो वाळू घाईत फाळक्याजवळ ओतली आणि गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ०.५ मीटर मागे गेला. गाडी सी-सॉसारखी वागते. पुढच्या चाकांवर भर पडायच्या ऐवजी २५० किलो उचलले जातात. पुढे उरले ७००, मागे झाले २५००. एक किलोही जास्त न टाकता मागचा भार ४०० किलोने वाढला, आणि पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षाही हलकी झाली. ज्या चाकांनी स्टिअरिंग होतं आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलला जातो, तीच जमीन सोडायला बघतात. अशी गाडी चढावर घ्या, भार अजून मागच्या चाकांकडे सरकणार.

म्हणून पहिला ढीग केबिनच्या बाजूला, मग मागे सरकत जायचं आणि शेवटी फावड्याने सपाट करायचं. डावी-उजवी बाजूही सारखी ठेवायची. चांगला ऑपरेटर हे न सांगता करतो.

वरून टाकणं

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये आपण एक वाक्य पाठ करतो: भार हळूहळू दिला तर जेवढा स्ट्रेस, अचानक दिला तर त्याच्या दुप्पट. आणि उंचीवरून पाडला तर त्याहूनही जास्त. वाळू धारेने पडते, त्यामुळे तिचा धक्का वाटला जातो. पण बागेसाठी मोठे काळे दगड नेतात, ते एकेक आख्खे पडतात. समजा दगड नुसता ठेवला तर गाडीचे पाटे ५ सेंटिमीटर दबतात. तोच दगड अर्ध्या मीटरवरून सोडला तर आदर्श गणिताने क्षणभर येणारा भार साडेपाच पट होतो. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून आकडा कमी येईल. पण दगड बकेटमधून सोडू नये, टेकवावा, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

पाटे बोलतात, पण खोटंही बोलतात

डेपोवरचे ऑपरेटर मामा कमी शिकलेले, पण त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "मला किलो दिसत नाही बाबा, मला पाटे दिसतात. पाटे सरळ झाले की हात थांबवायचा." वाह! लीफ स्प्रिंग म्हणजे काय, भार मोजायचा काटाच की. भाराच्या प्रमाणात दबते, हे तर आपण ग्राफ काढून सिद्ध करतो.

अडचण अशी की बरेच गाडीमालक जादा पाटे टाकून घेतात. मग दोन टनांतही पाटे सरळ होत नाहीत आणि मामांचा काटा चुकतो. जादा पाट्याने स्प्रिंग ताठ होते, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात. हे म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटर बदलून ताप उतरला म्हणण्यासारखं झालं.

ब्रेकबद्दल हॉस्टेलमध्ये आमचा वाद झाला होता. एक जण म्हणाला, फिजिक्समध्ये थांबण्याचं अंतर काढताना मास कॅन्सल होतं, मग ओव्हरलोडने काय फरक पडतो? मास कॅन्सल होतं ते फक्त टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा विचार केला तर. ब्रेकची स्वतःची ताकद ठरलेली असते, ती वजनाबरोबर वाढत नाही. शिवाय वजन दुप्पट तर तेवढ्याच वेगाला जिरवायची ऊर्जा दुप्पट, म्हणजे उष्णता दुप्पट. दौलताबादच्या किंवा कन्नडच्या घाटात उतरताना ती उष्णता कुठे जाणार?

रस्त्याचंही ऐका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात 'आशो रोड टेस्ट' झाली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, नुकसान सोळा पट! खड्ड्यांबद्दल महापालिकेला नावं ठेवताना हाही हिशोब लक्षात असू द्या.

माणूस कुठे बसतो?

आता जे लिहितोय ते गणित नाही. मामांनी आम्हाला त्यांच्या जुन्या ठिकाणची एक गोष्ट सांगितली. पावसाळ्याचे दिवस, हाफ ब्रास ओली वाळू, लहान पिकअप, आणि मालावर बसलेले दोन हमाल. मामा म्हणाले, "शेठ, पुरे झालं." शेठ म्हणाले, "टाक रे, गिऱ्हाईक नाराज नको." मामांनी टाकलं. पुलाच्या चढावर गाडी थांबली, मागे घसरली, दुभाजकावर आदळली आणि वरचा एक हमाल फेकला जाऊन त्याचा पाय मोडला. गिऱ्हाईक म्हणालं, मी फक्त माल मागितला. शेठ म्हणाले, भरणारा तू. मामांची नोकरी गेली आणि तो हमाल सहा महिने घरी बसला.

आम्ही मामांना विचारलं, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? ते म्हणाले, "बाबा, रोजावरचा माणूस किती वेळा नाही म्हणणार?"

कायदा बघितला तर शेठ सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. आणि तो फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. पण कायदा रस्त्यावर भेटतो. डेपोवर, बकेट वर असताना, मामा एकटे असतात.

आम्ही काय केलं?

रिपोर्ट तर सबमिट झाला. पण त्याआधी आम्ही डेपोच्या शेडला एक काळा फळा टांगला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

छोटा हत्ती (७५० किलो): कोरडी वाळू बकेटचा तिसरा हिस्सा, ओली पाव बकेट.
लहान पिकअप (१३०० किलो): कोरडी वाळू दोन तृतीयांश बकेट, ओली अर्धी बकेट.
दुसरी गाडी असेल तर आधी आरसी दाखवा.
नवीन ढीग आला की पहिली गाडी वजनकाट्यावर.
मालावर माणूस बसणार नाही.

हिशोबात दोन माणसांचे १४० किलो आधीच वजा केलेत. त्याखाली मामांनी स्वतः सांगून चार ओळी वाढवल्या. भरताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून. ड्रायव्हर खाली उतरून मामांना दिसेल असा उभा. हौद्यात आणि मशीनच्या मागे कुणी नाही. भरलेली बकेट केबिनवरून न्यायची नाही. भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीलगत ठेवायची, हे ते आधीपासूनच करत होते, कारण बकेट जितकी वर तितकं मशीन उलटायला सोपं.

फळ्याचा खरा उपयोग आम्हाला चौथ्या रविवारी कळला. एका गिऱ्हाइकाने नेहमीचं वाक्य म्हटलं. मामांनी वाद घातला नाही, नुसतं बोट फळ्याकडे केलं. "इंजिनिअर लोकांनी लिहिलंय, मला परवानगी नाही." गिऱ्हाईक कुरकुरलं, पण दोन फेऱ्या करायला तयार झालं. मामांचा 'नाही' फळ्याने म्हटला. शेठही काही बोलले नाहीत, कारण दोन फेऱ्या झाल्या तरी माल तेवढाच विकला गेला.

मित्रहो, दोन-तीन वर्षांत आपल्यातले कित्येक जण साइटवर असतील. माल मागवणारे आपण असू, चलनावर सही आपली असेल, आणि घाईही आपलीच असेल. तेव्हा ऑर्डर देताना ब्रासबरोबर टनही लिहा आणि कुठली गाडी पाठवताय ते विचारा. आपल्या एन.एस.एस. युनिटला आणि सरांना एक विनंती आहे. असा फळा बनवायला दोनशे रुपये आणि एक दुपार पुरते. शहराबाहेरच्या डेपोंवर आपण तो लावून देऊ शकतो. ज्यांना यायचंय त्यांनी मेसमध्ये आम्हाला गाठा, खडू आमच्याकडे आहेत.