घडीचा कॅमेरा आणि अर्धा मिलिमीटर

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. तसाच, पण मुठीत मावेल एवढा कातडी भाता एका चपट्या डबीत बसवलेला असतो. डबीची कळ दाबली की झाकण खाली पडते, भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला बसवलेले भिंग तुमच्याकडे पाहू लागते. हा घडीचा कॅमेरा. आमच्या पवनीच्या घरी असा एक आहे. तो जपानी बनावटीचा, दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. पुढच्या कातड्यावरचे नाव घासून गेले आहे.

तो पवनीपर्यंत कसा आला? १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. त्यानंतर १९४६ मध्ये दोस्तांच्या ताबा-सैन्यात ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या तुकड्याही जपानला गेल्या. त्यांत हिंदी सैन्याची २६८ वी ब्रिगेड होती. ब्रिगेडियर थिमय्या तिचे प्रमुख होते, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण तिच्यात होती. आमचे आबाजी त्या फौजेबरोबर कारकून म्हणून गेले होते. १९४७ मध्ये हिंदी तुकड्या परतल्या, तेव्हा त्यांच्या पेटीत हा वापरलेला कॅमेरा होता. त्यांनी तो काटकसरीने वापरला, कारण फिल्म आणायची तर नागपूर गाठावे लागे.

गेल्या वर्षी मी तो पुन्हा वापरात आणायचे ठरवले. आजी नव्वदी ओलांडून गेली आहे. आबाजींच्या कॅमेऱ्याने तिचा एक चांगला फोटो काढावा, एवढाच हेतू होता. तो सहज साधला नाही, म्हणून तर हा लेख.

आधी हे यंत्र असे घडीचे का केले, ते पाहू या. त्या काळी खेडोपाडी फोटो मोठा करायचे यंत्र नव्हते. अनेक ठिकाणी वीजही नव्हती. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड दाखवायचा आणि तेवढ्याच आकाराचा फोटो मिळवायचा, ही सोपी रीत होती. त्यासाठी निगेटिव्ह मोठी हवी. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये काढलेली १२० क्रमांकाची फिल्म सुमारे ६ सेंटिमीटर रुंद आहे आणि ती आजही मिळते. तिच्यावर ६×९ सेंटिमीटरचे ८ फोटो येतात, ६×६ चे १२ आणि ६×४.५ चे १६. पण निगेटिव्ह मोठी म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर मोठे, आणि भिंग फिल्मपासून तितकेच दूर हवे. आमच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ७५ मिलिमीटर आहे. एवढी पेटी खिशात कशी मावणार? मधली पोकळी भात्याने दुमडून टाकली, की कॅमेरा साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचा उरतो.

ही कल्पना जपानची नव्हे. जर्मनीत असे कॅमेरे आधीपासून तयार होत होते. जपानी कारखानदारांनी त्यांचे बारकाईने अनुकरण केले आणि शिकत शिकत स्वतःची भर घातली. काझुओ ताशिमा यांनी १९२८ मध्ये ओसाकाजवळ काढलेल्या कंपनीचे नावच 'जपानी-जर्मन कॅमेरा दुकान' अशा अर्थाचे होते. दोन जर्मन तंत्रज्ञ तिथे काम करीत. तिचा पहिला घडीचा कॅमेरा १९२९ मध्ये आला. हीच कंपनी पुढे मिनोल्टा म्हणून जगाला माहीत झाली. ताकाचिहो ही मूळची सूक्ष्मदर्शक करणारी कंपनी. तिने १९३६ मध्ये 'झुइको' हे स्वतःचे भिंग घेऊन 'सेमी-ऑलिंपस' बाजारात आणला. 'सेमी' म्हणजे निम्मा, अर्थात ६×९ च्या निम्मा, म्हणजे ६×४.५. आमचा कॅमेराही सेमीच.

त्याच्या पाठीवर दोन लहान तांबड्या खिडक्या आहेत. त्या दोन का, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. १२० च्या फिल्मला मागून कागदाचे अस्तर असते आणि त्यावर आकडे छापलेले असतात. सुरुवातीला त्यावर ६×९ साठीचे १ ते ८ हेच आकडे असत. सेमी कॅमेऱ्यात १ हा आकडा पहिल्या खिडकीत आणून एक फोटो घ्यायचा, मग तोच १ दुसऱ्या खिडकीत आणून दुसरा. आठ दुणे सोळा! कुठलेही चक्र न लावता, केवळ एक भोक वाढवून केलेली ही मोजणी मला फार आवडते.

आणि खिडकी तांबडीच का? जुन्या फिल्मवर निळ्या प्रकाशाचा परिणाम होई, पुढे रंगद्रव्ये मिसळून हिरव्याचाही होऊ लागला; तांबड्याचा मात्र होत नसे. त्यामुळे तांबड्या काचेतून आत आलेला उजेड निरुपद्रवी ठरे. आजची कृष्णधवल फिल्म तांबड्यालाही जागी असते. तेव्हा आकडा पाहून झाला की खिडकीवर काळी पट्टी लावा आणि फिल्म सावलीतच गुंडाळा.

फिल्म घालण्यापूर्वी भाता तपासला पाहिजे. रात्री अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या मागून विजेरी आत लावली, तर घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या चमकलेल्या दिसतील. अशी प्रत्येक चांदणी फिल्मवर काळा डाग टाकते आणि फोटोत तो पांढरा उमटतो. आमच्या भात्यात सात चांदण्या निघाल्या. काळा, लवचीक कापडी रंग सुईच्या टोकाने भरून मी त्या बुजवल्या.

भात्याची आणखी एक खोड आहे. कॅमेरा उघडताना आतले आकारमान ढोबळमानाने शंभर घन सेंटिमीटरने एकदम वाढते. हवा बारीक फटींतून सावकाश आत शिरते. तोवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि बाहेरची हवा फिल्मला मागून भिंगाकडे ढकलते. फिल्म मध्यभागी फुगली की फोटो बिघडला. म्हणून कॅमेरा हलक्या हाताने उघडायचा आणि फिल्म पुढे सरकवायची ती उघडल्यानंतर, म्हणजे ती ताणली जाऊन सपाट बसते.

एवढी काळजी घेऊन मी पहिली फिल्म वापरली. वैनगंगेच्या घाटावरचे फोटो उत्तम आले. ओसरीत खुर्चीवर बसवून घेतलेल्या आजीच्या फोटोत मात्र पायांतल्या चपला स्पष्ट आणि चेहरा धूसर! आजीने फोटो हातात धरला आणि म्हणाली, "पाय तं बेस आले गा, तोंड कोठी गेलं?"

एकाच कॅमेऱ्याने, एकाच फिल्मवर असे का व्हावे? पुढे वाचण्यापूर्वी जरा विचार करा. एक माहिती देतो: घाटावर लख्ख ऊन होते, तिथे भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवले होते. ओसरीत उजेड कमी, म्हणून ते एफ/४.५ एवढे मोठे उघडले होते.

आता थोडे गणित. चिन्हसंकेत बाजूला ठेवून केवळ अंतरे घेतली, तर भिंगाचे सूत्र असे मांडता येते: प्रतिमेचे अंतर = (नाभीय अंतर × वस्तूचे अंतर) ÷ (वस्तूचे अंतर − नाभीय अंतर). नदीचे पलीकडचे काठ फार दूर, त्यांची प्रतिमा ७५ मिलिमीटरवरच पडते. वस्तू ५ मीटरवर आली तर ७६.१, २ मीटरवर आली तर ७७.९ आणि १ मीटरवर आली तर ८१.१ मिलिमीटर. म्हणजे अनंतापासून एक मीटरपर्यंतचे सगळे जग फिल्मच्या बाजूला केवळ ६ मिलिमीटरांत सामावते. तिथे अर्धा मिलिमीटर ही मोठी चूक आहे.

ही चूक किती दिसते हे छिद्रावर अवलंबून असते. भिंगातून निघणाऱ्या किरणांचा शंकू प्रतिमेच्या जागी टोकदार होतो. फिल्म त्या टोकापासून अर्धा मिलिमीटर सरकली, तर बिंदूऐवजी ठिपका उमटतो. त्याचा व्यास म्हणजे ती चूक भागिले एफ-आकडा. एफ/४.५ ला ०.५ ÷ ४.५ = ०.११ मिलिमीटर, एफ/१६ ला अवघा ०.०३. निगेटिव्ह साडेतीनपट मोठी करून फोटो छापला, तर पहिला ठिपका ०.३९ मिलिमीटरचा होतो आणि दुसरा ०.११ चा. हातभर अंतरावरून डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटर ओळखू येते. दोष घाटावरही होताच. लहान छिद्राने तो झाकला होता.

पण मग चपला स्पष्ट कशा? इथे भाता सोडून भिंग धरणाऱ्या सांगाड्याकडे पाहावे लागेल. भिंग फिल्मला तंतोतंत समांतर हवे. ते केवळ १ अंशाने कलले, तर त्याची प्रतिमा जिथे रेखीव पडते ते प्रतलही तेवढेच कलते. आमच्या फोटोची लांबी ५६ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून टोक २८ मिलिमीटरवर. २८ ला १ अंशाच्या स्पर्शज्येने (०.०१७५) गुणा: ०.४९. आलाच आपला अर्धा मिलिमीटर! एका टोकाला प्रतिमा फिल्मच्या मागे, दुसऱ्या टोकाला पुढे. आजीचे पाय चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याला जवळ होते, त्यांची प्रतिमा जरा मागे पडायला हवी होती. कललेल्या भिंगाची चूक त्या टोकाला नेमकी सोयीची ठरली. चेहऱ्याच्या टोकाला तीच चूक उलटी पडली.

ही शंका पडताळायला फिल्म खर्चायची गरज नाही. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडा. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवर ट्रेसिंग कागद ताणून चिकटवा. शटर 'बी' वर धरून ठेवा, छिद्र पूर्ण उघडा आणि अंतर अनंतावर लावून कॅमेरा दूरच्या झाडांकडे रोखा. डोक्यावरून काळे कापड घेतले की उलटी, इवलीशी झाडे कागदावर दिसतील. आता हातभिंगाने दोन्ही टोके तपासा. पवनीच्या घाटावर मी हा प्रयोग केला, तेव्हा मध्यभागी पाने मोजता येत होती आणि दोन्ही टोकांना नुसता हिरवा धूर होता. आधाराच्या दोन पोलादी पट्ट्यांपैकी एक किंचित वाकली होती. हे कुणाचे काम, ते मला ठाऊक होते. लहानपणी मीच तो कॅमेरा पेटीवरून खाली पाडला होता आणि घरात कुणाला सांगितले नव्हते.

इथे जपानी कल्पकतेचे एक उदाहरण सांगायलाच हवे. अंतर जुळवण्यासाठी घडीच्या कॅमेऱ्यांत भिंग पुढेमागे करतात, किंवा त्याचा पहिला तुकडा फिरवतात. हलणारे भाग वाढले की सैलपणा वाढतो. १९४० मध्ये आलेल्या 'मामिया सिक्स' मध्ये सेइइची मामिया यांनी उलटाच विचार केला. भिंग पक्के ठेवायचे आणि मागची फिल्मच पुढेमागे सरकवायची! सूत्राला काय, भिंग हलले काय नि फिल्म हलली काय, मधले अंतर तेवढे जुळायला हवे. अंतर मोजण्याची यंत्रणाही कॅमेऱ्याच्या धडातच बसली, भात्यापलीकडे न्यावी लागली नाही.

आमची वाकलेली पट्टी सरळ केली ती भंडाऱ्याच्या एका पितळी भांडी घडवणाऱ्या कारागिराने. मी सोबत मोजपट्टी नेली होती. त्याने ती बाजूला ठेवली, पट्टी लाकडी ठोकळ्यावर धरून नजरेने पाहिली आणि लाकडी हातोडीचे तीन ठोके दिले. ट्रेसिंग कागदावर दोन्ही टोके स्वच्छ आली.

तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर आणखी दोन गोष्टी. या भिंगांवर बहुधा परावर्तन रोखणारा लेप नसतो. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. असे सहा पृष्ठभाग असले, तर ०.९६ चा सहावा घात, म्हणजे ७८ टक्केच प्रकाश थेट पार होतो. उरलेल्यातला काही आतल्या आत उसळून फोटो फिका करतो, म्हणून सूर्य समोरून असेल तर भिंगावर हाताची सावली धरा. दुसरे, आपल्या धानाच्या मुलखात पावसाळाभर हवा ओली असते. कातडी पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते आणि ती काच खाते. पिशवी वेगळी ठेवा. कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा.

दुसरी फिल्म दिवाळीनंतर वापरली. तीच ओसरी, तीच खुर्ची, एफ/४.५ आणि १/२५ सेकंद, कॅमेरा स्टुलावर टेकवलेला. अंतर या वेळी मी अंदाजाने नव्हे, टेपने मोजले, भिंगापासून आजीच्या डोळ्यांपर्यंत. सोळांतले अकरा फोटो चांगले आले. नवव्या फोटोत तिच्या कपाळावरचे गोंदण मोजता येते.