मार्गदर्शिका कशी वाचावी?
नेपाळमधील उंच पदभ्रमणाच्या पूर्वतयारीविषयी

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर उंचीवर आहे, अमरावती सुमारे 340 मीटरवर आणि नेपाळमधील लुंबिनी सुमारे 150 मीटरवर. भूगोलाच्या तासाला हे आकडे फळ्यावर लिहिले की मुले हटकून म्हणत, "सर, तुमचं उलटं झालं." नेपाळ म्हटले की डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो, परंतु लुंबिनी तराईच्या सपाट मुलखात वसली आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे बोधगया, कुशीनगर करून तेथे जातात आणि सुखरूप परततात. अडचण सुरू होते ती त्यापुढे. "इतके लांब आलोच आहोत, तर मुक्तिनाथही पाहून घेऊ," असे कोणीतरी म्हणते. पोखरा सुमारे 820 मीटरवर आहे, मुक्तिनाथ 3,700 मीटरच्याही वर. जीप ही चढण दोन दिवसांत संपवते. चाकांना उंचीचा त्रास होत नाही. आत बसलेल्या साठीच्या आईवडिलांना होतो.

हा लेख लिहिण्याचे निमित्त मात्र तरुणांनी दिले. आपल्या वसतिगृहात एकेकाळी शेजारीशेजारी गाद्या टाकणारे पाच माजी विद्यार्थी, तिघे अमरावतीचे व दोघे अकोल्याचे, यंदा एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत पायी जाण्याचे ठरवीत आहेत. त्यांनी विचारले, "सर, कोणते पुस्तक घ्यावे?" माझे उत्तर थोडक्यात असे की, नावाजलेल्या प्रकाशनाचे, मिळेल ते सर्वांत नवे घ्यावे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ते पुस्तक आपल्यासाठी लिहिलेले नाही, हे ध्यानात ठेवून ते कसे वाचावे?

दुसऱ्याच्या पुस्तकावरून वाट शोधण्याची परंपरा तशी जुनी आहे. ह्युएन-त्संगने सातव्या शतकात आपला प्रवास लिहिला तो चिनी वाचकांसाठी. त्यातील दिशा आणि अंतरे घेऊन एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम बुद्धकालीन स्थळे शोधीत फिरला. बरीच सापडली, काही ठिकाणी तो चुकलाही. ग्रंथातील 'ली' आपल्या मैलांत बसवताना घोटाळा होतोच. आपल्याकडे हरीश कपाडिया यांच्या 'ट्रेक द सह्याद्रीज' या पुस्तकाने कित्येकांना डोंगरवाटा दाखवल्या. नेपाळपुरते सांगायचे तर स्टीफन बेझरुचका यांची मार्गदर्शिका 1972 साली प्रथम निघाली आणि पुढे तिच्या अनेक आवृत्त्या झाल्या. लेखक पेशाने डॉक्टर. मला या पुस्तकाविषयी विशेष आदर वाटतो, कारण आपले शरीर हीही एक वाट आहे आणि तिचेही वर्णन करावे लागते, हे त्यात जाणवते.

ही पुस्तके बहुतेक युरोप-अमेरिकेतील वाचकांसाठी लिहिलेली असतात. त्यांतील व्हिसाचे प्रकरण आपण सोडून द्यावे; भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. परवान्यांचे शुल्क सार्क देशांतील नागरिकांना इतर परदेशीयांपेक्षा कमी असते. पुस्तकातील मोठा आकडा पाहून दचकू नये. याउलट, 'सोपी, चार तासांची चाल' असे जेथे लिहिलेले असते तेथे आपण जरा दचकलेले बरे. तो चार तासांचा अंदाज थंडीची आणि चढणीची सवय असलेल्या पायांचा आहे. काळ्या जमिनीच्या सपाट मुलखातील माणसाने सहा तास धरावेत.

आता मुख्य गोष्ट. पुस्तक हाती आल्यावर छायाचित्रे आणि वर्णने बाजूला ठेवावीत आणि वहीच्या एका पानावर फक्त मुक्कामांची उंची लिहून काढावी. दिवसभरात आपण कोठवर चढलो हे नव्हे, रात्री कोठे झोपलो हे. सर्वसाधारण नियम असा की, 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. 5,500 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो; प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. ही उणीव भरून काढायला शरीराला दिवस लागतात, निर्धार लागत नाही.

एव्हरेस्टच्या वाटेचे आकडे मांडून पाहू. फाकदिंग सुमारे 2,610 मीटर, नामचे 3,440, तेंगबोचे 3,860, दिंगबोचे 4,410, लोबुचे 4,900 च्या वर आणि गोरखशेप 5,160 च्या आसपास. फाकदिंगहून नामचेला आपण एका दिवसात आठशेहून अधिक मीटर चढतो. येथे नियम मोडला की नाही? मोडतो, म्हणूनच चांगल्या मार्गदर्शिका नामचेला दोन रात्री आणि पुढे दिंगबोचेला पुन्हा दोन रात्री सांगतात. तो कर्जफेडीचा दिवस असतो. सहलीच्या छापील पत्रकांत त्यालाच 'विश्रांतीचा दिवस' म्हणतात आणि रजा कमी असलेली नोकरदार मंडळी सर्वांत आधी त्यावरच काट मारतात. त्या दिवशी पडून राहायचे नसते. थोडे वर चढून यावे आणि झोपायला खाली परतावे.

हे मी पुस्तकातून सांगत असलो तरी शिकलो वेगळ्या रीतीने. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे अन्नपूर्णा परिक्रमेला गेलो होतो. एका प्रवासी संस्थेने दिलेल्या कार्यक्रमात मनांगला, म्हणजे सुमारे 3,540 मीटरवर, एकच रात्र होती. मी घरून आलेख-कागदावर मुक्कामांची रेघ काढून नेली होती. मनांगनंतर ती शिडीसारखी उभी दिसत होती. मी तो कागद दाखवलाही, पण पुढच्या गाडीची तिकिटे काढलेली होती आणि मी फार जोर धरला नाही. याक खर्कला आमच्यातील एकाचे डोके दुखू लागले. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा नको म्हणून तो बोलला नाही. रात्री त्याने जेवण टाकले. पहाटे अंगणातील फरशीच्या सरळ रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायला मी त्याला सांगितले. ही चाचणी त्याच पुस्तकात वाचलेली होती. तिसऱ्या पावलाला तो भिंतीकडे कलला.

पुस्तकात पुढचे वाक्य स्पष्ट होते : वाट पाहू नका, उतरा. मी त्याला घेऊन मनांगला परत आलो. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र आहे; ही संस्था 1973 पासून काम करते आणि हंगामात उंचीच्या त्रासावर रोज व्याख्यानही देते. जाताना ते व्याख्यान आम्ही 'उशीर होईल' म्हणून चुकवले होते. खाली येताच त्याला उतार पडला. उरलेले दोघे 5,416 मीटरची थोरोंग खिंड ओलांडून गेले; आम्ही दोघांनी ती पाहिली नाही. त्याच्या आईला मी ही हकीकत पूर्णपणे अजून सांगितलेली नाही.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली सूचना. बसल्याजागी धाप लागणे आणि चालताना तोल जाणे ही शेवटची. डायमॉक्स ही गोळी पुष्कळांना उपयोगी पडते. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते अवश्य सांगावे आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळू नये.

पुस्तकाला जे ठाऊक असू शकत नाही, तेही वहीत वेगळे लिहावे. ऑक्टोबर हा निरभ्र आकाशाचा महिना, असे प्रत्येक मार्गदर्शिका सांगते आणि ते बहुतेक वर्षी खरेही असते. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळ 12 तारखेला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचा अवशेष 14 तारखेला थोरोंग परिसरात बर्फ होऊन कोसळला आणि चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. बंगालच्या उपसागरातील वादळाची बातमी दोन दिवस आधीपासून सर्वत्र होती. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात लांगटांग हे गाव दरडीखाली गाडले गेले. जुन्या आवृत्तीत तेथील निवासांची वर्णने अजून वाचायला मिळतात. अन्नपूर्णा परिक्रमेच्या पायवाटेचा मोठा भाग आता मोटाररस्त्याखाली गेला आहे. 2023 पासून नेपाळने बऱ्याच वाटांवर परदेशी पदयात्रींना वाटाड्या सक्तीचा केला. उंची बदलत नाही, बाकी जवळजवळ सगळे बदलते. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी काठमांडूत चौकशी करून पुस्तकातील प्रत्येक भाडे, परवाना आणि मुक्काम पुन्हा तपासावा.

घरी काय करता येईल? चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे. तेथे महिनाभर राहूनही विरळ हवेची सवय होणार नाही, हा गैरसमज आधीच काढून टाकावा. पाय मात्र तयार होतात. शहानूरहून नरनाळा किल्ल्यावर पाठीवर सातआठ किलोंचे ओझे घेऊन चढावे आणि मुख्य म्हणजे उतरावे, कारण गुडघे उतारावर दगा देतात. तो प्रदेश मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, तेव्हा प्रवेशाच्या वेळा पाळाव्यात. नवे बूट तेथेच फाटू द्यावेत, परदेशात नको. पन्नाशी उलटलेल्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आणि उन्हाळ्यात आपण तोंडाला बांधतो तो सुती दुपट्टा बरोबर ठेवावा. वरच्या कोरड्या, गार हवेत घसा सांभाळायला त्यासारखे दुसरे वस्त्र मला आढळले नाही. कोणत्याही मार्गदर्शिकेच्या सामानयादीत तो नाही.

एका बाबतीत आपले विद्यार्थी या लेखकांच्याही पुढे असतात. वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणि-भिंती लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, हे परदेशी वाचकांना परिच्छेदभर समजावून सांगितलेले असते. स्तूपाला प्रदक्षिणा घालत वाढलेल्या मुलांचे पाय तेथे आपोआप डावीकडच्या वाटेने वळतील.

त्या पाच जणांना मी माझी जुनी प्रत आणि तो आलेख-कागद दिला आहे. नवी आवृत्ती त्यांनी स्वतः घ्यायची आहे. कागदावर नामचे आणि दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्रींभोवती मी लाल शाईने वर्तुळ केले आहे आणि मागच्या बाजूस पाचही जणांच्या सह्या घेतल्या आहेत : ज्याचे डोके दुखेल त्याने त्याच दिवशी सांगायचे आणि त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, हे अमरावती सोडण्यापूर्वी ठरवायचे. ते नाव लिहिण्याची जागा अजून कोरी आहे.