एक तिरकी रेघ आणि गुणांची यादी : गिटमध्ये फाईलचा पत्ता कसा लिहावा?



आपल्यातले बरेच जण आता स्वतः ऑनलाइन चाचण्या, ई-पाठ, छोटे खेळ तयार करतात. कुणाकडे विंडोजचा लॅपटॉप असतो, कुणाकडे उबंटू, तर एखाद्याकडे मॅक. सगळ्यांचं काम एका जागी राहावं आणि कुणी काय बदललं याची नोंद असावी म्हणून गिट वापरतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे मोफत साधन आहे.

आम्हीही पाच शिक्षक मिळून चौथीच्या गणिताच्या चाचण्या बनवत होतो. माझ्या फोल्डरमध्ये मुलांच्या गुणांची यादी होती, पालकांच्या फोन नंबरांसकट. ती कुणाकडे जाऊ नये म्हणून मी गिटच्या इग्नोर यादीत तिचा पत्ता लिहून ठेवला होता. दोन दिवसांनी गटातल्या एका सरांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या वर्गाचे गुण आमच्याकडे आलेत!" चूक माझीच होती, आणि ती होती फक्त एका रेघेची. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हा पाठ.

(आज्ञा आणि फाईलची नावं टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची. वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत दिली आहेत.)

१) दोन रेघा कुठून आल्या?

फाईलचा पत्ता म्हणजे घराच्या पत्त्यासारखाच. आधी गाव, मग गल्ली, मग घर. युनिक्सने या भागांमध्ये / ही रेघ घातली. लिनक्स आणि मॅक तीच वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये सुरुवातीला फोल्डरच नव्हते आणि / हे चिन्ह आज्ञेला पर्याय जोडण्यासाठी वापरात होतं. १९८३ मध्ये डॉसच्या २.० आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा उलटी रेघ \ घ्यावी लागली. विंडोजने तीच पुढे चालवली.

गिट मात्र कुठल्याही संगणकावर आपल्या नोंदीत / हीच रेघ ठेवतं. म्हणजे तुमचा लॅपटॉप विंडोजचा असला तरी गिटशी बोलताना / वापरायची.

२) इग्नोर यादीत काय बिघडलं?

मी लिहिलं होतं : गुण\चौथी.एक्सएलएसएक्स. विंडोजच्या खिडकीत पत्ता असाच दिसतो, म्हणून तसाच उतरवला. पण गिटच्या इग्नोर यादीत \ म्हणजे "पुढचं अक्षर जसंच्या तसं घे" अशी खूण. त्यामुळे गिटने "गुणचौथी" अशा सलग नावाची फाईल शोधली. तशी फाईल नव्हती. गिटने काही तक्रार केली नाही आणि यादी गुपचूप पुढे गेली. बरोबर ओळ अशी हवी होती : गुण/चौथी.एक्सएलएसएक्स. त्याहून बरं म्हणजे अख्खा फोल्डर वगळायचा : गुण/

यादी लिहिली की लगेच तपासा. "गिट चेक-इग्नोर" या आज्ञेला उणे व्ही जोडून फाईलचं नाव द्या. कोणत्या ओळीमुळे फाईल वगळली जाते ते दिसतं. काहीच दिसलं नाही तर फाईल वगळली जात नाही, असं समजा.

आणखी एक. फाईल एकदा कमिट झाली की नंतर इग्नोर यादी दुरुस्त करून भागत नाही. "गिट आरएम" ला "कॅश्ड" जोडून ती नोंदीतून काढावी लागते. तरीही जुन्या इतिहासात ती राहतेच. आमचं काम थोडं होतं, म्हणून आम्ही जुनी रिपो सगळ्यांच्या संगणकावरून पुसली आणि नवी सुरू केली. मोठ्या कामात हे इतकं सोपं नसतं.

३) कॉन्फिग फाईलमधला पत्ता

गिटच्या कॉन्फिग फाईलमध्येही \ ला वेगळा अर्थ आहे. त्याच्यापुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. म्हणजे डी:\नोट्स असं लिहिलं तर गिट त्यात नवी ओळ वाचतं! डी:\स्कूल लिहिलं तर एसचा असा काही अर्थ नसल्याने "ओळ चुकीची आहे" म्हणून गिट अडून बसतं. उपाय दोन : डी:/नोट्स असं लिहा, किंवा रेघ दोनदा द्या, डी:\\नोट्स. मी पहिलाच वापरते.

पत्ता तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमधला असेल तर सुरुवातीला ~/ लिहा. उदाहरणार्थ, सगळ्या कामांसाठी एकच इग्नोर यादी ठेवायची असेल तर तिचा पत्ता असा देता येतो. होम फोल्डर कुठे आहे ते गिट स्वतः शोधतं, मग संगणक कोणताही असो.

४) सगळ्यांचं काय, माझं काय?

वर्गात फळा सगळ्यांचा असतो आणि वही ज्याची त्याची. तसंच इथे आहे. रिपोमधली इग्नोर यादी म्हणजे फळा, ती सगळ्यांकडे जाते. कॉन्फिग फाईल म्हणजे वही, ती पुश केली तरी जात नाही. म्हणून डी: किंवा सी: ने सुरू होणारा पत्ता फळ्यावर लिहू नका. दुसऱ्याच्या संगणकात तो ड्राइव्ह असेलच असं नाही. फळ्यावर पत्ता रिपोच्या आतूनच द्यायचा : चित्रे/आंबा.पीएनजी.

५) नावं ठेवताना

• आपल्या मराठीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून इंग्रजी नावांत हा फरक आपल्या लक्षात येत नाही. विंडोजला मोठा ए आणि छोटा ए सारखेच, लिनक्सला मात्र वेगळे. एका बाईंच्या लॅपटॉपवर दिसणारं चित्र दुसरीकडे गायब होतं ते यामुळे. सगळी नावं छोट्या लिपीत ठेवा. नुसती लिपी बदलायची असेल तर "गिट एमव्ही" ने बदला.

• नावात : ? * ही चिन्हं नकोत. "पाठ १: बेरीज" ही फाईल लिनक्सवर बनते, पण विंडोजवर उतरत नाही.

• फाईलचं नाव मराठीत असेल तर गिट ते आकड्यांच्या माळेसारखं दाखवतं. फाईल बिघडलेली नसते. कॉन्फिगमध्ये "कोअर डॉट कोटपाथ" ला फॉल्स करा, नाव देवनागरीत दिसू लागेल.

सराव (शिक्षक, पालक आणि मोठ्या मुलांसाठी)

१. एक रिकामी रिपो बनवा. त्यात "गुण" नावाचा फोल्डर आणि आत एक खोटी यादी ठेवा. खऱ्या मुलांची नावं नकोत.
२. इग्नोर यादीत आधी \ ने पत्ता लिहा आणि चेक-इग्नोर चालवा. मग / ने लिहा आणि पुन्हा चालवा. फरक वहीत नोंदवा.
३. स्वतःच्या कामातली इग्नोर यादी उघडून एकही \ राहिली नाही ना, ते बघा.

तिसरं काम आजच करा. मुलांची माहिती पालकांनी आपल्या भरवशावर दिलेली असते.